माणशी पाव किलो धरावे का? जावळाच्या जेवणाचा हिशेब

प्रश्न

खानापूर तालुक्यातील एका गावातून एका वाचक भगिनींनी हे पत्र पाठवले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव न देता पत्राचा सारांश येथे देत आहोत. त्यांच्या धाकट्या मुलाचे जावळ पुढच्या महिन्यात एका रविवारी काढायचे असून त्याच दिवशी दारात मांडव घालून मटणाचे जेवण ठेवले आहे. चंदगड, गडहिंग्लज आणि निपाणीकडचे पै-पाहुणे, गावातील भाऊबंद, शेजारीपाजारी आणि पती ज्या कारखान्यात काम करतात तेथील बेळगावचे सहकारी अशी लहान-मोठी धरून १६० माणसांची यादी झाली आहे. थोरले दीर म्हणतात की माणशी पाव किलो धरून ४० किलो मटण आणावे, त्याखाली उतरू नये. आचारी म्हणतो, २५ किलोत काम होईल. सासूबाईंच्या मते ओळखीच्या धनगराकडून सुमारे २५ किलोंची दोन बकरी घेतली की पुरे, बाजारात जायलाच नको. ४० किलो घ्यायचे तर भिशीतून उचल घ्यावी लागेल, म्हणून पती गप्प आहेत. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या घरी १४० माणसांसाठी ३० किलो मटण केले होते, तरी तिसऱ्या पंगतीच्या पानात नुसता रस्सा पडला आणि त्याची चर्चा नातेवाइकांत अजून होते. उलट गल्लीतल्याच एका घरी एवढे उरले की दोन पातेली खड्डा काढून पुरावी लागली. “कमी पडले तर अब्रू जाते आणि उरले तर पैसा जातो. नेमके किती घ्यावे?” असे त्या विचारतात.

उत्तर

ताई, तुमच्या घरात तीन माणसे तीन वेगवेगळे आकडे सांगत आहेत असे तुम्हाला वाटते आहे. पत्र नीट वाचल्यावर मला मात्र त्यातील दोन आकडे एकच असल्याचे दिसते, आणि तिसराही चुकीचा नाही, फक्त तो वेगळ्या प्रसंगाचा आहे. म्हणून कोणाचे खरे, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून हे आकडे कशातून आले ते आधी पाहू.

सासूबाईंच्या दोन बकऱ्यांपासून सुरुवात करू. प्रत्येकी २५ किलो म्हणजे दोघांचे मिळून ५० किलो, पण हे जिवंत वजन आहे. कातडे, आतडी, मुंडी, पाय आणि रक्त वजा जाता बकऱ्याच्या जिवंत वजनाच्या साधारणपणे निम्म्याहून थोडे कमी, म्हणजे शंभरातले ४५ ते ४८ भाग, हाडांसह मटण हाती लागते. जनावर नुकतेच चरून आणि पाणी पिऊन आलेले असेल तर पोटातल्या चाऱ्या-पाण्याचेही वजन काट्यावर येते, आणि मग हा हिशेब आणखी खाली उतरतो. त्यामुळे सकाळी, चारा घालण्यापूर्वी वजन करून घेणे घेणाऱ्याच्या हिताचे असते. तुमच्या दोन बकऱ्यांतून २२ ते २४ किलो मटण निघेल. आचारी २५ किलो म्हणतो आहे. सासूबाई जनावरांच्या भाषेत बोलत आहेत, आचारी तराजूच्या भाषेत बोलतो आहे, आणि दोघांचे म्हणणे जवळजवळ एकच आहे. गावाकडे अशा प्रसंगी होणारे अर्धे वाद या जिवंत वजन आणि साफ वजन यांच्या गोंधळातून निर्माण होतात. तेव्हा घरात पुन्हा बोलणे निघेल तेव्हा आकडा कोणत्या वजनाचा आहे, हे प्रत्येकाला आधी विचारा.

आता दिरांच्या माणशी पाव किलोकडे वळू. हे माप आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि घरच्या जेवणाला ते अगदी योग्य आहे. रविवारी घरी आठ-दहा माणसे जेवायला यायची असतील तर माणशी २५० ग्रॅम, आणि खाणारी तरणी पोरे असतील तर ३०० ग्रॅमसुद्धा मीच सांगेन. लहान बैठकीत दोन माणसे भरपूर खाणारी निघाली तर बाकीच्यांच्या ताटावर लगेच परिणाम होतो, म्हणून तेथे हात सैल ठेवावा लागतो. माणसांची संख्या वाढत जाते तसे मोठे खाणारे आणि बेताने खाणारे एकमेकांची भरपाई करतात. त्याच वेळी मुले, वयस्कर माणसे आणि मटण न खाणारे यांचे प्रमाणही वाढते. पन्नास माणसांच्या जेवणाला माणशी सव्वादोनशे ग्रॅम पुरतात, आणि दीडशेच्या पुढे गेल्यावर मटण खाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसामागे २०० ग्रॅम हे चांगले, हात न आखडणारे माप आहे. तुमच्या दिरांनी घरगुती माप मांडवाला लावले आहे आणि तेही यादीतल्या प्रत्येक नावाला. त्यांचा हेतू चांगला आहे, हे त्यांना दुरुस्त करताना विसरू नका.

माझ्या मते तुमच्या घरातील खरी अडचण ही यादी आहे. तुम्ही ती १६० वर थांबवली, पण त्या माणसांकडे पाहिले नाही. आपल्या भागात वारकरी परंपरा घट्ट रुजलेली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात असे गाव सापडणे कठीण, जिथे माळकरी घर नाही. शेजारी लिंगायत आणि जैन कुटुंबे असतात, आणि ती तुमच्या मुलाला आशीर्वाद द्यायला आनंदाने येतील, पण मटणाच्या पानावर बसणार नाहीत. शिवाय वाराचे बंधन पाळणारी माणसे असतात. कोणी सोमवार, कोणी गुरुवार, कोणी शनिवार पाळतो. रविवार असल्याने हा प्रश्न तुम्हाला कमी येईल, तरी त्या रविवारी संकष्टी किंवा एकादशी येत नाही ना, हे दिनदर्शिकेत आजच पाहून घ्या. तसे असेल तर पंचवीस-तीस माणसे एकदम शाकाहारी रांगेत जातात आणि आचाऱ्याचा सगळा अंदाज ढासळतो.

म्हणून यादी पुन्हा समोर घ्या आणि प्रत्येक नावापुढे खूण करा. तुम्ही पत्रात नातेवाइकांची आणि शेजाऱ्यांची जी माहिती दिली आहे त्यावरून मी ढोबळ मांडणी करतो, तुम्ही ती दुरुस्त करा. १६० पैकी माळकरी, लिंगायत, जैन आणि आणखी काही कारणाने मटण न खाणारे असे २८ धरले, तर १३२ राहतात. त्यांत ३२ मुले आहेत. पाच वर्षांच्या आतील आठ मुले आईच्या ताटातूनच दोन घास खातील, त्यांना मोजू नका. उरलेल्या २४ मुलांची दोन मिळून एक पान धरा, म्हणजे बारा पाने होतात. मोठी माणसे १००. एकूण झाली ११२ पाने. आता एक गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक यादीत राहून जाते: तुम्ही घरची माणसे, आचारी आणि त्याचे मदतनीस, मांडववाला, भांडी घासायला येणाऱ्या बायका, पाहुण्यांच्या गाड्यांचे चालक. हे सगळे जेवणारच आहेत आणि दिवसभर राबून जेवणार आहेत. त्यांची बारा पाने धरली की १२४ होतात. प्रत्येकी २०० ग्रॅम म्हणजे पावणेपंचवीस किलोंच्या आसपास. न सांगता सोबत येणारे पाहुणे आपल्याकडे गृहीतच धरावे लागतात, तसे न येणारेही असतात. तरीही दहाव्या हिश्श्याची भर घातली की आकडा २७ किलोंवर येतो. माझे उत्तर तेच आहे: २७ किलो, हाडांसह, साफ केलेले.

दिरांच्या ४० किलोंपेक्षा हे १३ किलोंनी कमी आहे. १३ किलो मटणाची रक्कम बहुतेक घरांत महिन्याच्या किराण्याहून जास्त भरते. तुमचे पती भिशीच्या विचाराने गप्प झाले आहेत, ते या फरकामुळेच. मुलाच्या जावळासाठी उचल घ्यायची आणि ती पुढे वर्षभर फेडायची, हे मला पटत नाही आणि तसे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. पाहुण्यांचा मान राखला जावा ही इच्छा योग्य आहे, पण ज्या मटणाचा एकही तुकडा कोणाच्या पानात जाणार नाही त्याने कोणाचा मान वाढत नाही.

तुम्ही आता नणंदेच्या घरचे उदाहरण पुढे कराल, कारण तुमच्या मनात भीती आहे ती त्याचीच. म्हणून त्याच जेवणाचा हिशेब करून पाहू. १४० माणसांना ३० किलो मटण म्हणजे माणशी २१४ ग्रॅम, आणि त्या १४० मध्येही मुले व माळकरी असणारच. वजन पुरेसे होते, किंबहुना थोडे अधिकच होते. एक किलो मटणाचे मध्यम आकाराचे, ४० ते ५० ग्रॅमचे, वीस ते पंचवीस तुकडे होतात. बावीस धरले तर ३० किलोंचे ६६० तुकडे झाले. पहिल्या दोन पंगतींत पन्नास-पन्नास माणसे बसली आणि वाढप्यांनी उदार हाताने प्रत्येकाला सहा तुकडे वाढले, तर ६०० तुकडे तेथेच संपतात. शेवटच्या चाळीस माणसांसाठी उरतात साठ. तेव्हा तिथे मटण कमी पडले नव्हते. ते पहिल्या दोन पंगतींत जास्त वाढले गेले होते. तुमच्या जेवणाला ४० किलो आणले आणि वाढप तसेच झाले, तरी तिसरी पंगत पुन्हा चिंतेत राहील, कारण भांड्यात जास्त दिसले की वाढप्याचा हात आणखी सैल होतो.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट मला विशेष तळमळीने सांगायची आहे. तिसऱ्या पंगतीला बसते कोण? पहिल्या पंगतीला मानाचे पाहुणे, दुसरीला गावकरी आणि सहकारी, आणि शेवटी घरच्या बायका, वाढणारी मुले, आचाऱ्याची माणसे. पहाटे तीनला उठून वाटण करणाऱ्या, दोनशे भाकऱ्या थापणाऱ्या आणि सगळ्यांना आग्रह करणाऱ्या बायकांच्या वाट्याला रस्सा आणि हाडे येतात. बहुतेक घरांत त्याला कोणी ‘कमी पडले’ असे म्हणतसुद्धा नाही. नणंदेकडच्या जेवणाची चर्चा झाली, ती बहुधा त्या पंगतीत काही पाहुणेही होते म्हणून. तुम्ही तुमच्या घरी शेवटच्या पंगतीचे मटण आधी बाजूला काढा. ते उरले तर वाढायचे असे न ठेवता पहिल्या पंगतीच्या आधी वेगळ्या, झाकणाच्या पातेल्यात काढून, मंद आचेवर ठेवून, त्याची जबाबदारी एका समंजस माणसाकडे द्या. हे काम सासूबाईंनी घेतले तर उत्तम, कारण त्यांच्या शब्दाला नाही म्हणण्याची हिंमत मांडवात कोणाची होणार नाही.

वाढपाची व्यवस्था त्यामुळे वजनाइतकीच महत्त्वाची ठरते. सगळे मटण एकाच मोठ्या पातेल्यातून वाढू नका. २७ किलोंचे सुमारे ६०० तुकडे होतील. ते शिजल्यावर तीन पातेल्यांत सारखे वाटून प्रत्येक पंगतीचे पातेले वेगळे ठेवा, म्हणजे पंगतीला दोनशे तुकडे. तुकडे वाढणारा माणूस एकच असावा आणि त्याने पहिल्या फेरीत प्रत्येकाला तीन तुकडे वाढावेत. दुसऱ्या फेरीत विचारून एक-दोन वाढावेत. रस्सा वाढणारा वेगळा असावा, आणि त्याने ओगराळ्याने रस्साच द्यावा, तळाचे तुकडे शोधत बसू नये. जेवणाऱ्याला पहिल्या फेरीत सहा तुकडे मिळाले तर तो चार खातो आणि दोन पत्रावळीत राहतात. तीन मिळाले आणि मग प्रेमाने विचारून दोन मिळाले, तर पाचही खाल्ले जातात. आग्रह करायचा तो दुसऱ्या फेरीला करावा. माणसाला आपली विचारपूस झाल्याचे समाधानही तेव्हाच अधिक होते.

खाटकाला तुकडे सारख्या आकाराचे करायला सांगा. आपल्याकडे एका पानात मांडीचा मोठा तुकडा आणि दुसऱ्यात नुसते बरगडीचे हाड आले की कुरकुर तेथून सुरू होते. मांडी आणि खांद्याचे मांसल तुकडे सुक्याला, बरगड्या, मान, नळ्या आणि चापीची हाडे रस्स्याला असे वेगळे बांधून घ्या. २७ पैकी १५ किलो सुक्याला आणि १२ किलो रस्स्याला, ही विभागणी तुमच्या बेताला जमेल. मटण शिजल्यावर पाणी आणि चरबी सुटून पाव ते तिसरा हिस्सा वजन कमी होते आणि हाडांचे वजन वेगळे, हे वर दिलेल्या मापात धरलेले आहे, त्यासाठी पुन्हा भर घालू नका. दोन बकरी धनगराकडून घेतली तर मुंडी, पाय, काळीज आणि वजडी वेगळी मिळेल. मुंडी आणि पाय रस्स्याच्या अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनतिखट पाण्यात घालावेत, त्याने रस्स्याला अंग येते. काळीज आणि वजडी सकाळीच परतून घ्यावी आणि ती पहाटेपासून राबणाऱ्यांच्या न्याहारीला द्यावे.

तुमच्या पाहुण्यांत कोल्हापूरच्या बाजूचे, म्हणजे गडहिंग्लज आणि निपाणीचे लोक बरेच आहेत आणि त्यांना तांबड्या-पांढऱ्या रस्स्याची सवय आहे. हे तुमच्या फायद्याचे आहे. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात खोबऱ्याचे दूध, खसखस, तीळ घालून होतो, त्यात तुकडे फारसे घालावे लागत नाहीत, आणि तो असला की जेवणारा तुकड्यांच्या संख्येवर लक्ष ठेवत नाही. माणशी ३०० मिलिलिटर रस्सा धरला तर १२४ पानांना सुमारे ३७ लिटर होतो. दोन्ही रस्से मिळून ४५ लिटर करा, कारण रस्सा पुन्हा मागण्यात संकोच नसतो आणि नसावाही. तांदूळ भाकरीसोबत दहा माणसांना एक किलो पुरतो, म्हणून शाकाहारी पाने धरून १८ किलो घ्या. खानापूरच्या भाताला आपल्या भागात मान आहेच, जुना तांदूळ मिळाला तर भात मोकळा होतो आणि पुरवठ्यालाही येतो. भाकरी माणशी दोन धरल्या तरी काही जण एकच खातील. ज्वारीच्या एक किलो पिठाच्या दहा-बारा भाकऱ्या होतात, त्यावरून पीठ काढा.

ज्यांना पंगतीऐवजी हाताने घेण्याची व्यवस्था करायची आहे, अशा वाचकांनी या आकड्यांत आणखी दहा-पंधरा टक्के भर घालावी, कारण स्वतःच्या हाताने घेताना माणूस आधी तुकडेच वेचतो. बिर्याणी करणाऱ्यांना मात्र कमी लागते. एक किलो तांदळाला एक किलो मटण या प्रमाणात आठ ते दहा माणसे जेवतात, सोबत वेगळे सुके नसेल तर. कोंबडीचा बेत असेल तर लक्षात ठेवा की दोन किलोंच्या जिवंत ब्रॉयलरमधून कातडी काढल्यावर साधारण सव्वा किलोच्या आसपास चिकन निघते. जवारी, म्हणजे गावठी कोंबडी त्याहून बारीक भरते आणि शिजायलाही वेळ घेते. मोठ्या जमावाला जवारीचा बेत करणाऱ्यांनी हा वेळ हिशेबात धरावा.

एवढे करूनही तुम्हाला धाकधूक वाटणार, ते स्वाभाविक आहे. तिच्यासाठी जादा मटण आणण्यापेक्षा अंडी आणून ठेवा. पाच-सहा डझन अंडी घरात असू द्या, पण ती आधी उकडू नका. दुसऱ्या पंगतीच्या शेवटी माणसे जास्त आली आहेत असे दिसले तर अर्ध्या तासात उकडून, चिरून तांबड्या रस्स्यात सोडता येतात. गरज पडली नाही तर कच्ची अंडी आठवडाभर घरच्या उपयोगाला येतात. १३ किलो जादा शिजवलेल्या मटणाचे तसे होत नाही.

उरलेल्या अन्नाबद्दल मात्र काळजीने वागा, कारण तुमच्या गल्लीत दोन पातेली पुरावी लागली हे वाईट झाले तरी ते अन्न दुसऱ्या दिवशी कोणी खाल्ले नाही, हे बरेच झाले. मोठ्या पातेल्यातला रस्सा झाकून रात्रभर चुलीजवळ ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. एवढे मोठे भांडे थंड व्हायला तासन्‌तास लागतात, त्याचा मधला भाग बराच वेळ कोमट राहतो आणि जंतू त्याच उबेत वाढतात. सकाळी खळाखळा उकळले की सगळे मरते हा समज धोक्याचा आहे, कारण काही जंतूंनी सोडलेले विष उकळूनही जात नाही. पंगत चालू असताना पातेले चुलीवर वाफाळत ठेवा, आणि शेवटची पंगत उठल्यापासून दोन तासांच्या आत उरलेले अन्न लहान, उथळ भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा किंवा शेजारी डबे भरून देऊन टाका. उन्हाळ्यात तासाभरातच हे करा. शाकाहारी पाहुण्यांचा स्वयंपाक वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पळीने व्हावा आणि त्यांची पंगत पहिली किंवा वेगळ्या बाजूला बसावी. माळकरी आणि लिंगायत शेजारी निःशंकपणे जेवतील, एवढी स्वच्छ व्यवस्था त्यांच्या नजरेला दिसली पाहिजे.

आता थोरल्या दिरांचे काय करायचे? त्यांच्यासमोर ‘आचारी म्हणतो २५’ असे म्हणू नका. घरातल्या थोरल्याच्या शब्दापुढे बाहेरच्या माणसाचा आकडा ठेवला की विषय मटणाचा राहत नाही. यादी घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, “भाऊजी, यातले माळकरी कोण, कोणाची मुले किती, कोण नक्की येणार, तुम्हीच सांगा.” नातेगोते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. नावापुढच्या खुणा त्यांच्या तोंडून झाल्या की बेरीजही त्यांचीच होईल. नणंदेच्या घरचा हिशेब त्यांच्यासमोर मांडायचा तर नणंदेचा दोष न दाखवता मांडा. वाढपाची देखरेख त्यांच्याकडे दिली तर ते आनंदाने घेतील असे मला वाटते, कारण पंगत नीट उठावी ही काळजी त्यांनाच सर्वांत जास्त आहे. त्यांच्या ४० किलोंच्या मागेही तीच काळजी आहे. तुमच्या पतींनी मात्र गप्प राहू नये. पैसे किती आहेत हे त्यांनी भावाला एकट्याला, शांतपणे सांगावे. घरातली आर्थिक ओढ सुनेच्या तोंडून बाहेर येण्यापेक्षा भावाने भावाला सांगणे दोघांच्याही मानाचे आहे.

कामाचा क्रम असा ठेवा की आठ दिवस आधी यादीवर खुणा होतील आणि बकरी ठरतील. खाटकालाही तेव्हाच सांगून ठेवा, कारण रविवारी मटणाला गर्दी असते आणि लग्नसराई किंवा यात्रेचे दिवस असले तर ऐनवेळी मनासारखे मटण मिळत नाही. गुरुवारी चंदगड आणि गडहिंग्लजच्या पाहुण्यांना फोन करून किती जण येणार ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, उलट ‘तुमच्यासाठी गाडीची सोय करायची का’ म्हणून विचारले की संख्या आपोआप कळते. रविवारी पहाटे दोन बकऱ्यांचे साफ मटण तुमच्यासमोर तोलून घ्या आणि आकडा लिहून ठेवा. ते २४ भरले तर खाटकाकडून तीन किलो, २२ भरले तर पाच किलो, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत यादी दहा-बारा पानांनी घटली असेल तर त्या प्रमाणात कमी घ्या. ही वरची भर खाटकाच्या दुकानातून आणायला भाऊजींनाच पाठवा.